जटांचा काढा

फ्रँकफुर्टच्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात ईश्वरीला बोलायला उभं केलं, ते केवळ ठरलेल्या गायिकेचा घसा बसला म्हणून. दिनकरराव मंडळाचं सगळं बघायचे. त्यांनी दोन दिवस आधी फोन केला. "तुझ्या त्या लोंबत्या झाडाबद्दल सांग काहीतरी. दहा मिनिटं. लोकांना जरा नवीन."

ईश्वरी कराडची. पुण्यात एमएस्सी करून फ्रँकफुर्टजवळच्या एका संस्थेत पीएचडीला आली होती, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. मंडळात बहुतेक मंडळी जवळच्या एश्बॉर्न गावातल्या ऑफिसांमधली, सॉफ्टवेअरवाली, बायकामुलं घेऊन आलेली. त्यांच्यात ती जराशी अवघडूनच वावरायची. काय करतेस असं कुणी विचारलं की ती वनस्पतीशास्त्र म्हणायची. मग समोरचा "अरे वा" म्हणून वेफर्सच्या ताटलीकडे वळायचा. हिला विचारायचं तरी काय, हे कुणाला सुचत नसे.

त्या दिवशी मात्र लोकांनी ऐकलं. तिने संस्थेच्या काचघरातून एक जुडगा आणला होता, राखाडी-हिरव्या दोऱ्यांचा, चांगला हातभर लांब. तो तिने माइकच्या स्टँडला अडकवला आणि सांगायला लागली. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि ब्राझीलमध्ये मोठमोठ्या झाडांवरून हे असं लोंबतं. दिसायला शेवाळासारखं, पण शेवाळ नव्हे. चक्क अननसाच्या कुळातलं. याला मुळं नाहीत. माती नको, कुंडी नको. अंगभर बारीक खवले असतात, त्यांनीच ते हवेतलं पाणी आणि धूळ पिऊन जगतं. ज्या झाडावर राहतं त्याचं काही खात नाही, तेव्हा याला बांडगूळ म्हणू नका, हा नुसता भाडेकरू. फूल नखाएवढं, हिरवट. वास येतो तो संध्याकाळनंतर. पूर्वी याचे तंतू गाद्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरायचे. जर्मन लोक याला म्हाताऱ्याची दाढी म्हणतात. लोक हसले. तिकडच्या लोकांची औषधंही तिने सांगितली: तापावर काढा, सांधेदुखीवर लेप, आणि काही ठिकाणी साखरेच्या आजारावर चहा.

"म्हणजे आमच्या डायबेटिसवर चालेल का?" मागून वासुदेव नावाच्या गृहस्थांनी विचारलं. पुन्हा हशा झाला.

याचं उत्तर ईश्वरीला पाठ होतं. यातल्या एका द्रव्याने उंदरांची साखर उतरलेली दिसली आहे. माणसांवर काहीही सिद्ध झालेलं नाही. स्वतः प्रयोग करू नका. पण एवढी माणसं आपल्याकडे तोंड करून बसली आहेत, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. ती म्हणाली, "उंदरांची उतरली. आणि तिकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या पितायत, ते काही वेडे नाहीत. अजून दहा वर्षांनी तुमची गोळी याचीच असेल, कुणी सांगावं."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मनोरमाकाकू बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या नंतरही टाळ्या चालू ठेवल्या.

मनोरमाकाकू म्हणजे नीताच्या सासूबाई. नीता ईश्वरीला वर्षभरापूर्वी एस-बान या लोकल गाडीत भेटली होती, तिचं फोनवरचं मराठी ऐकून. तेव्हापासून दर रविवारी ईश्वरीचं जेवण एश्बॉर्नला, नीताकडे. नीता, तिचा नवरा शशिकांत आणि सात वर्षांची तनया. काकू एप्रिलअखेर मिरजेहून आल्या होत्या, व्हिसा तीन महिन्यांचा. नीता आणि शशिकांत दिवसभर ऑफिसात. तनया शाळेतून यायची आणि आजीने मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देऊन खोलीत पळायची. काकूंना खाली उतरून बाकावर बसायचं म्हटलं तरी बोलायला कुणी नाही. रविवारी ईश्वरी आली की त्या तिला सोडायच्या नाहीत.

कार्यक्रमानंतर तो जुडगा ईश्वरीने त्यांनाच दिला. काकूंनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर टांगला आणि त्याला जटा असं नावही दिलं. रोज फवारा मारायच्या. पुढच्या रविवारी पोळ्या लाटता लाटता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तिकडचे लोक कसा करतात गं तो चहा? वाळवून?"

"ओलाच. मूठभर घ्यायचा नि उकळायचा," ईश्वरी आमटी वाढून घेत म्हणाली.

"रोज?"

"रोज पितात म्हणे."

काकूंना साखर आहे, तिच्या गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडतं आणि त्यावरून नीताशी त्यांची कुरबूर चालते, हे ईश्वरीला ठाऊक होतं. तरी तिने का विचारताय असं विचारलं नाही. दुसऱ्या भाताला तूप हवं का, एवढंच काकूंनी विचारलं आणि ती हो म्हणाली.

जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू झाला. गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे लागले आणि एश्बॉर्नच्या बाल्कन्यांतून आरडाओरडा ऐकू यायला लागला. अशाच एका रविवारी शशिकांत आणि नीता टीव्हीसमोर होते, आणि ईश्वरी चहा करायला स्वयंपाकघरात गेली. गाळणं उचललं तर त्याच्या जाळीत एक राखाडी दोरा अडकलेला. ओट्यावर एका पातेल्यावर ताटली झाकलेली होती. काकू मागून आल्या आणि त्यांनी ती ताटली जरा अलीकडे ओढून नीट बसवली.

"दे, मी करते चहा," त्या म्हणाल्या.

ईश्वरीने गाळणं त्यांच्या हातात दिलं. धुताना अडकला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि बाहेर येऊन मॅच बघत बसली. खिडकीतला जुडगा निम्म्याने पातळ झाला होता. तेही तिला दिसलं.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "तुझ्या जटा वाळल्या बाई. अजून थोड्या मिळतील?"

"आणते की."

आता तिचं संशोधन काय होतं, ते सांगायला हवं. ही वनस्पती हवेतलं सगळं पिते. चांगलं तेही आणि वाईट तेही. म्हणून तिचे जुडगे वेगवेगळ्या ठिकाणी टांगून ठेवायचे आणि काही आठवड्यांनी ते तपासून हवेत कोणते धातू आहेत ते काढायचं, असं ईश्वरीचं काम. काही जुडगे काचघरात असायचे, तुलनेसाठी. बाकीचे रस्त्यांच्या कडेला. त्या आठवड्यात तिने ऑटोबान म्हणजे तिथल्या महामार्गालगतच्या कुंपणावरचे जुडगे उतरवून आणले होते. तपासणीपुरते तुकडे काढून घेतले, उरलेलं कचऱ्यात जायचं होतं. काचघराची किल्ली माळीबुवांकडे, आणि ते मॅच म्हणून लवकर घरी गेलेले. उरलेलं चांगलं हिरवंगार दिसत होतं. शोभेलाच तर हवंय, असं म्हणून ईश्वरीने ते पिशवीत भरलं. गाळण्यातला दोरा त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर आला नाही असं नाही. आला, आणि तिने पिशवीला गाठ मारली.

काकूंनी पिशवी घेताना तिच्या गालावरून हात फिरवला.

जुलैत उन्हाने कहर केला. त्या देशात पंखे नाहीत, घरं थंडीसाठी बांधलेली. एका दुपारी नीता घरी आली तर काकू सोफ्यावर पडलेल्या, हाक मारली तर ओ देतात पण शब्द कळत नाहीत, ओठ कोरडे पडलेले. ॲम्ब्युलन्स आली. साखर मशीनच्या आकड्यापलीकडे गेली होती. लघवीचा संसर्ग झाला होता, अंगातलं पाणी आटलं होतं. नीताने गोळ्यांची पाकिटं शोधली तर मे महिन्यापासूनची जवळपास सगळी भरलेलीच, कपाटात साड्यांखाली. आणि ओट्यावर ते पातेलं.

शशिकांतचा फोन आला तेव्हा ईश्वरी संस्थेत होती. "तू येतेस का? डॉक्टरांना त्या झाडाचं विचारायचंय. आम्हाला धड सांगता येत नाहीये."

ती गेली तेव्हा काकूंना सलाईन चालू होतं, डोळे मिटलेले होते, पण धोका टळला होता. डॉक्टरबाई तरुण होत्या, तिच्याच वयाच्या. त्यांनी प्लास्टिकच्या डबीत पातेल्यातला चोथा ठेवला होता.

"हे काय आहे? विषारी आहे का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. विषारी नाही." ईश्वरीने लॅटिन नाव सांगितलं, कूळ सांगितलं, लोकांतला उपयोग सांगितला. आवाज स्थिर होता, परीक्षेत असतो तसा.

"म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतलं. कुठे वाढवलेलं?"

शशिकांत शेजारीच उभा होता. नीता खुर्चीत बसून काकूंच्या पायांवरची चादर सारखी करत होती.

"काचघरात," ईश्वरी म्हणाली.

"बरोबर, म्हणजे स्वच्छ. मग प्रश्न फक्त गोळ्यांचा." डॉक्टरबाईंनी टिपून घेतलं आणि डबी बाजूला सारली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शशिकांतने विचारलं, "ईश्वरी, आईला हे प्यायला कुणी सांगितलं? तू काही बोलली होतीस?" तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

ती तोंड उघडणार, इतक्यात नीता दारात आली. "आई जाग्या झाल्यात. अहो, त्या काय म्हणतायत बघा."

काकूंनी डोळे किलकिले केले होते. आवाज अगदी खोल गेला होता. "तिला काही विचारू नका. मी मासिकात वाचलं होतं. मिरजेला असतानाच." मग त्यांनी ईश्वरीकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

शशिकांतने मान हलवली. "आई पण ना." ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं तू आलीस. तू नसतीस तर आम्ही काय सांगणार होतो?"

ईश्वरी तिथून स्टेशनपर्यंत चालत गेली. आजवर तिला लाज वाटली होती ती आपल्या जुन्या कोटाची, अडखळत्या जर्मनची, मंडळात एकटं उभं राहण्याची. आजची तशी नव्हती. आपण खोटं बोललो, याहूनही दुसरी एक गोष्ट तिला जाळत होती. काकूंच्या तोंडून मासिकाचं आलं तेव्हा पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं. सलाईन लावलेल्या बाईने आपल्याला सोडवलं, आणि आपल्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संस्थेत जाऊन ऑटोबानवरच्या जुडग्यांचे आकडे पाहिले. तांबं, जस्त, अँटिमनी, शिसं. ब्रेक घासतात, टायर झिजतात, ते सगळं त्या दोऱ्यांनी धरून ठेवलं होतं. काचघरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. हे काही तिला नव्याने कळायचं नव्हतं. तिच्या प्रबंधाचा मुद्दाच तो होता. उकळून त्यातलं किती पाण्यात उतरलं असेल, ते तिला सांगता येत नव्हतं. आपल्याला माहीत नाही, हे म्हणायलाही आधी खरं सांगावं लागणार होतं.

ती हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा डॉक्टरबाई राउंडला काकूंच्या खोलीतच होत्या, शशिकांत काकूंना फळांचा रस पाजत होता, नीता खिडकीशी उभी होती. ईश्वरी दारातच थांबली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली, कारण मराठीत तिला ते जमलं नसतं.

"काल मी खोटं सांगितलं. पहिला जुडगा काचघरातला होता. दुसरा ऑटोबानच्या कडेचा. त्यात जड धातू आहेत. रक्त तपासायला हवं."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "कालच का नाही सांगितलंत?"

डॉक्टरबाई नर्सला काहीतरी सांगून घाईने बाहेर गेल्या. मग ती शशिकांतकडे वळली आणि उरलेलं मराठीत सांगितलं. "दादा, काकूंनी मासिकात वाचलेलं नाही. मीच सांगितलं, मूठभर उकळतात म्हणून. आणि त्या पितायत हे मला कळलं होतं. गाळण्यात पाहिलं होतं मी. तरी दुसरी पिशवी आणली."

शशिकांतने रसाचा ग्लास टेबलावर ठेवला. "काल मी तुला विचारलं होतं, ईश्वरी."

एवढंच बोलला. ओरडला असता तर तिला सोसवलं असतं.

नीता खिडकीतून वळली नाही. "तू ये आता," ती म्हणाली. आणि ईश्वरी निघून आली. काकू त्या वेळी काय करत होत्या, ते बघायचं धैर्य तिला झालं नाही.

रक्ताचा रिपोर्ट यायला काही दिवस लागले. तो शशिकांतने एका ओळीच्या मेसेजने कळवला. शिसं किंचित होतं, घाबरण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाले ते मिरजेच्या जुन्या घराच्या रंगातलंही असू शकतं. त्या 'असू शकतं'चा ईश्वरीला काही उपयोग नव्हता. दरम्यान ती आपल्या प्रोफेसरबाईंकडे गेली आणि प्रयोगातला माल बाहेर दिल्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. मग तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली आणि पुढचे काही महिने तिने नमुन्यांना एकटीने हात लावायचा नाही, असं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिला कपाट उघडून द्यायला येई तेव्हा ती जमिनीकडे बघत उभी राही.

काकू परत जायच्या आदल्या दिवशी नीताचा फोन आला. "आईंना तुला भेटायचंय," ती म्हणाली. 'ये' असं म्हणाली नाही.

दार नीतानेच उघडलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. काकू भरलेल्या बॅगांच्या मधे बसल्या होत्या, जरा वाळलेल्या, पण डोळे जागच्या जागी. ईश्वरी खाली वाकली तशी त्यांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"काकू, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?"

"तुझी परीक्षा राहिलीय ना अजून. इथले लोक कडक असतात, शशी सांगतो." त्यांनी पदर सारखा केला. "आणि खोटं तरी कुठलं? ऐकून ऐकूनच मी केलं. तू काही माझ्या तोंडात ओतलं नाहीस."

"साखर मोजत नव्हता का?"

"मोजत होते की. आधी रोज." त्यांनी शेजारच्या बॅगेची चेन ओढून पाहिली. "चढत होती. म्हटलं मशीन बिघडलं असेल. मग मोजायचंच सोडलं."

"चढत होती तर मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? त्या दिवशी स्टेजवर तू कशी बोलत होतीस, तोंड कसं फुललं होतं तुझं. दर रविवारी येतेस, मान खाली घालून जेवतेस, आणि त्या दिवशी बघावं तर." काकू किंचित हसल्या. "म्हटलं, उतरली की सांगीन. तुझ्या त्या अभ्यासात लिहिशील, मिरजेच्या एका बाईची उतरली म्हणून. उतरेना, तर तुझं झाड कशाला खोटं पाडायचं?"

ईश्वरीला काहीतरी म्हणायचं होतं. माझा अभ्यास साखरेचा नाहीच, काकू. माझा अभ्यास धुळीचा आहे. पण हे आता सांगणं म्हणजे त्यांच्या दोन महिन्यांच्या त्या कडू पाण्याला काहीच अर्थ नव्हता असं सांगणं. मान वर करून त्यांच्याकडे बघणं तिला शक्य होईना.

"गोळी घेतलीत का?" शेवटी तिने विचारलं.

"जेवल्यावर."

"मग मी थांबते."

नीताने पानं घेतली. ईश्वरीचंही घेतलं, न विचारता. तनया आजीला चिकटून बसली होती आणि मोडक्या मराठीत विमानाचं काहीतरी विचारत होती. काकूंनी गोळी घेतली, ईश्वरीने पाण्याचा ग्लास दिला, आणि ती निघाली.

ऑगस्टच्या शेवटी मंडळाचा गणपती होता. ईश्वरीने दिनकररावांना फोन करून पाच मिनिटं मागितली.

"कशाला उकरून काढतेस?" ते म्हणाले. "तुझं ते भाषण आता कुणाच्या लक्षातही नाही."

"असलं तर?"

दिनकरराव नाइलाजाने हो म्हणाले. आरतीनंतर, जेवणाच्या आधी.

या वेळी तिने बरोबर काही आणलं नव्हतं. माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मे महिन्यात मी इथे एका वनस्पतीबद्दल बोलले. तिने डायबेटिस बरा होतो, असं वाटेल अशा पद्धतीने बोलले. तसं काही सिद्ध झालेलं नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून एकांनी गोळ्या सोडल्या, आणि त्या हॉस्पिटलात पडल्या. चूक त्यांची नाही, माझी. कुणी आणखी घेत असेल तर कृपा करून आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा."

कुणीतरी खाकरलं. कोण ती बाई, हे तिने सांगितलं नव्हतं, पण दहाबारा माना शशिकांतच्या दिशेने वळल्याच, आणि तेही तिला वरून दिसलं. असं होईल, हे तिला आधी सुचलं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

ती खाली उतरली. लोक तिला वाट द्यावी तसे बाजूला झाले. वासुदेव मात्र दारापाशी तिला गाठायला आले. इकडेतिकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "इंटरनेटवरून मागवलं होतं मी. बायकोला माहीत नाही."

"गोळ्या?"

"अर्ध्या केल्यात."

"उद्याच जा डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "उद्याच. मी येऊ का बरोबर?"

ते आधी नको म्हणाले, आणि मग जर्मन फारसं येत नाही, असं म्हणाले. सकाळी कुठे भेटायचं ते त्यांनी ठरवलं.

ती कोट घेऊन निघतच होती, तर नीता समोर आली. हातात मोदकांचं ताट. हॉस्पिटलच्या त्या दिवसापासून दोघी धड बोलल्या नव्हत्या.

"नाव नाही घेतलंस ते एक बरं केलंस," नीता म्हणाली. "पण कळलंच सगळ्यांना."

"हो. मला आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं." नीताने ताट दुसऱ्या हातात घेतलं. "जेवलीस?"

"नाही."

"मग जेव," असं म्हणून ती पुढच्या टेबलाकडे वाढायला गेली. ईश्वरी कोट परत खुंटीला अडकवून आली. मग रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन थांबली.